मी ‘येस’ म्हटलं आणि पट्टा तसाच गेला

माणूस झाडावर बसलेला असताना सहसा पडत नाही. चढताना पडतो, उतरताना पडतो, आणि शिडी सोडून माळ्यावर पहिलं पाऊल टाकतो तेव्हा सगळ्यात जास्त पडतो. चौदा वर्षं मी हे गिऱ्हाइकांना मोडक्या इंग्रजीत सांगत आले. पुष्कळांनी ऐकलं. त्यातल्या एकाचा जीव माझ्या एका शब्दापायी जाता जाता राहिला. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून कागद घेतला आहे. पण आधी माळा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हरणाची शिकार करणारा माणूस इथे झाडावर चढून बसतो. हरीण सहसा वर बघत नाही आणि वरून माणसाचा वास त्याला उशिरा लागतो. झाडावर बसायला एक लोखंडी नाहीतर अॅल्युमिनियमची बैठक लागते. खाली पाय ठेवायला जाळीची फळी, वर बसायला कापडी सीट, आणि सगळं खोडाला आवळून धरायला पट्टे. सीझन संपला की काढून घरी न्यायची. सरकारी जंगलात झाडाला खिळा मारायला बंदी आहे, म्हणून सगळा भार त्या पट्ट्यांवर. तिला इंग्रजीत ट्री स्टँड म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून माळा म्हटलं, कारण आमच्याकडे भोरच्या डोंगरात रानडुकरांपासून भुईमूग राखायला शेतात चार खांबांवर बांधायचे त्याला माळाच म्हणायचे. लहानपणी मी त्याच्यावर किती दिवस काढले याला गणती नाही. पुढे दुकानाचा मालक डेल पण ‘माला’ म्हणायला लागला. त्याला ळ येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर शेत, लग्न, आणि पुण्यात ताडपत्र्या आणि तंबू शिवण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं. नवरा गेला तेव्हा मुलगा अजित अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठात नोकरीला होता. त्याने मला आणलं, नात सांभाळायला. नात शाळेत जायला लागली आणि मी दिवसभर खिडकीत बसायला लागले. रस्त्याने बस जायची, बसमध्ये पोरं, पोरांच्या कानात बोंडं. बोलायला कोणी नाही. त्या वर्षी अजितच्या गाडीपुढे हरीण आलं, गाडीचं तोंड फुटलं, आणि गाडी दुरुस्तीला दिली होती त्या गावात, अर्ध्या तासावर, वेळ काढायला आम्ही शिकारीच्या सामानाच्या दुकानात शिरलो. काउंटरमागे एक माणूस मासे धरायच्या दोऱ्याने माळ्याची फाटलेली सीट शिवत होता. इतकी वाईट शिवत होता की मला बघवेना. मी हातातून घेतली आणि दुहेरी टाका घालून दिली. तो डेल. त्याने अजितला विचारलं, तुझी आई उद्या येईल का. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, तेव्हा कागदपत्रांचीही अडचण नव्हती. त्या दिवसापासून गेल्या वर्षीपर्यंत मी तिथे होते.

इंग्रजीत तू नाही आणि तुम्हीही नाही. डेल माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे, म्हणून इथे मी त्याला तू लिहिते. तो मला काकू म्हणायचा, कारण अजितच्या मित्रांनी म्हटलेलं त्याने ऐकलं. सगळ्या गावाला वाटायचं की ते माझं नाव आहे. पगाराच्या पाकिटावरही तेच.

महाराष्ट्र मंडळातल्या बायका मला विचारतात, हरणं मारायचं सामान विकताना तुम्हाला काही वाटत नव्हतं का. नव्हतं. ज्याने रात्रभर राखलेला भुईमूग सकाळी डुकरांनी उकरलेला बघितला आहे त्याला असे प्रश्न पडत नाहीत. इथली माणसं मारलेलं खातात, चार घरी वाटतात, कातडंही वाया घालवत नाहीत. मला काळजी खालच्या हरणाची नव्हती. वर बसलेल्या माणसाची होती.

सुरुवातीला मी फक्त शिवायचे. मग डेलच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक कुठला माळा घ्यायचा ते विचारतं तेव्हा माझं म्हणणं बरोबर निघतं. त्यात हुशारी काही नाही. लोक माळ्याकडे बघतात, मी माणसाकडे बघायचे.

तीन प्रकार समजले तरी पुष्कळ झालं. एक शिडीचा. जड, दोघांनी मिळून उभा करायचा, एकदा लावला की हलवायचा नाही. म्हाताऱ्यांना, जाड्यांना आणि घाबरटांना हाच द्यावा. दुसरा टांगता. खोडाला काठ्यांच्या पायऱ्या पट्ट्याने बांधत वर जायचं आणि वर बैठक टांगायची. हलका, पण टांगताना दोन्ही हात कामात असतात, तेव्हा कमरेचा दोर झाडाला नसेल तर माणूस गेलाच. तिसरा चढता. त्याचे दोन भाग, एक हातांनी वर सरकवायचा, एक पायांनी, अळी सरकते तसं खोडावर सरकत जायचं. तरुण पोरांना हाच हवा असतो, कारण जाहिरातीत हाच असतो. पण त्याला सरळसोट, फांदी नसलेलं झाड लागतं, आणि तुमच्या रानात तसलं झाड आहे का हे त्यांनी बघितलेलंच नसतं. हिकरी म्हणून इथे एक झाड असतं, त्याच्या एका जातीची साल पापुद्र्यासारखी सुटते. त्याच्यावर चढता माळा लावला की सालीसकट खाली. म्हणून मी आधी झाड विचारायचे. मग गुडघे. मग वजन, तेही जाड कपडे, बूट आणि बंदुकीसकट. पुरुष वजन सांगताना बायकांपेक्षा जास्त खोटं बोलतात, हे मी तिथे शिकले.

दुकानाच्या मागे एक ओक होता. त्याच्यावर माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर मी एक माळा कायमचा बांधून घेतला होता. गिऱ्हाइकाला अंगात पट्टा घालून, म्हणजे खांद्यांवरून आणि मांड्यांखालून जाणारा, पाठीला दोर असलेला, तिथे वीस मिनिटं बसवायचं आणि मी आत जाऊन शिवत बसायचं, खिडकीतून बघत. चुळबुळ किती करतो ते कळतं. डेल पहिल्यांदा म्हणाला, गिऱ्हाईक पळून जाईल. काही पळाले. पळाले ते पडले नाहीत, निदान आमच्या माळ्यावरून तरी.

एकदा न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक नागपूरचा पोरगा आला, समीर. पोरगा म्हणजे चाळिशीचा, कुठल्याशा कंपनीत सीनियर मॅनेजर. मला बघून आधी गोंधळला, मग मराठीत सुटला. “मावशी, मी सगळे रिव्ह्यूज वाचलेत. क्लायंबरच पाहिजे. लाइटवेट, टॉप मॉडेल. ऑफिसातले सगळे जातात, मी एकटाच राहतो.”

“बंदूक चालवलीस कधी?”

“कोर्स केला ना. सर्टिफिकेट आहे.”

“आईला माहीत आहे?”

“तिला हायकिंग सांगितलंय.”

मी त्याला ओकावर बसवलं. वीस मिनिटांत चौदा वेळा हलला, दोनदा फोन घेतला, आणि एकदा वरून मला विचारलं की वायफाय आहे का. उतरताना खोडाला मिठी मारून उतरला. मी म्हटलं, तुला उंचीची भीती वाटते. तो म्हणाला, थोडीशी. म्हटलं, शिडीचा घे, सगळ्यात बुटका, आणि ज्या मित्राबरोबर जातोस त्याच्याकडून उभा करून घे. चेहरा पडला, पण घेतला. दुसऱ्या वर्षी मिठाईचा पुडा घेऊन आला. म्हणाला, हरीण आलं होतं, अगदी समोर, पाडस बरोबर होतं, बंदूक उचललीच नाही. आता बंदूक नेतच नाही. “मावशी, शनिवारी चार तास तिथे बसतो. कोणी मीटिंग लावू शकत नाही.” मला वाटतं त्या दुकानातून गेलेला सगळ्यात चांगला वापरलेला माळा तोच.

आता पट्ट्यांचं सांगते. पुण्याच्या कारखान्यात मी काहीही शिवलेलं आहे. पण इथे मी एक नियम केला आणि डेलने तो शेवटपर्यंत पाळला. सीट शिवायची, पिशवी शिवायची, खांद्याचा पट्टा शिवायचा. ज्या पट्ट्यावर जीव टांगलेला असतो तो शिवायचा नाही. तो टाकायचा आणि नवा घालायचा. टाकतानाही कात्रीने मधोमध कापून टाकायचा, कारण माणसं कचऱ्यातून उचलून नेतात. उन्हाने पट्टा आतून कुजतो, बाहेरून रंग तसाच असतो. खारींना त्यात काय चव लागते देव जाणे, त्या नेमकं बकलाखाली कुरतडतात, जिथे दिसत नाही. म्हणून जुना माळा दुकानात आला की बकल सोडवून, पट्टा उलटा करून, बोटाने चाचपायचा. हे काम माझं. माझी बोटं चष्म्यापेक्षा बरी.

रॉय हा माझ्या नातीच्या, सईच्या, शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. धिप्पाड, सावकाश बोलणारा, डाव्या कानाने कमी ऐकणारा. सई पहिलीत होती तेव्हा बर्फात बस थांबवून तिला हाताला धरून दारापर्यंत सोडायचा, हे मी खिडकीतून बघितलं होतं. बायको वारल्यावर निवृत्त झाला आणि डोंगरात त्याची एक लाकडी खोली होती तिथे सीझनला एकटा जायला लागला. त्याचा टांगता माळा अठरा वर्षांचा होता. मी त्याला शिडीचा घे म्हटलं, तो म्हणाला, शिडी वर ओढून न्यायला आता कोण आहे. मी अंगातला नवा पट्टा मात्र त्याच्या गळ्यात मारला. तो कुरकुरत घेऊन गेला.

सात वर्षं झाली त्याला. नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात रॉयने माळा दुकानात टाकला, सीट बदलायला आणि पट्टे तपासायला. बंदुकीचा सीझन त्या शनिवारी पहाटे उघडणार होता. थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, शुक्रवार, म्हणजे आमच्याकडे जत्रा. दाराबाहेरपर्यंत रांग, कोणाला नारिंगी टोपी हवी, कोणाला हातमोजे, कोणाचा परवाना घरी राहिलेला. रॉयची सीट मी बुधवारीच केली होती. पट्टे सोडवून बघितले तर वरचा पट्टा बकलाखाली खारींनी अर्धा खाल्लेला. नवा पट्टा कपाटातून काढून माझ्या मशिनच्या खणात ठेवला, गुरुवारी दुकान बंद, म्हणून शुक्रवारी सकाळी घालायचा. जुना नवा घालतानाच कापायचा म्हणून तसाच परत ओवून ठेवला, नाहीतर बकल हरवतं.

सकाळी दहाच्या सुमाराला मी एका बाईच्या जाकिटाची चेन बसवत होते. डेलने काउंटरवरून मान वळवून विचारलं, “काकू, रॉयचे पट्टे अजून झाले नाहीत?”

“येस,” मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि मी चेनीकडे वळले.

दुपारी एक वाजून गेल्यावर जरा श्वास घ्यायला मिळाला. खण उघडला तर नवा पट्टा तिथेच. माळा ठेवला होता ती भिंत रिकामी. मी डेलला विचारलं, रॉयचा माळा कुठे आहे. तो म्हणाला, तो अकरा वाजता येऊन घेऊन गेला. मी पट्टा त्याच्यापुढे धरला. त्याने पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रांगेतल्या एका माणसाला म्हणाला, तू गल्ल्यावर उभा राहा. तो माणूस टोपी विकत घ्यायला आलेला होता. कोट काढून उभा राहिला. पुढे दुकान संध्याकाळपर्यंत त्याने आणि रांगेतल्या आणखी दोघांनी चालवलं. एक वस्तू इकडची तिकडे झाली नाही. ती माणसं माझ्या कायम लक्षात राहिली.

रॉयच्या डोंगरात फोन लागत नाही. तो सीझनच्या आदल्या दुपारी माळा टांगून ठेवतो, म्हणजे पहाटे अंधारात नुसतं चढायचं, हे आम्हाला दोघांना माहीत होतं. रस्ता पाऊण तासाचा. डेल गाडी अशी चालवत होता की मी डोळे मिटून घेतले. मला त्याचा राग आला होता. थोड्या वेळाने मी म्हटलं, “मी तुला सांगितलं होतं.”

“हो,” डेल म्हणाला. “सांगितलं होतंस.”

मला वाटलं, निदान कबूल तरी करतो. पण त्याचा जबडा आवळलेला होता आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. मला कळेना की चूक याची आणि हा माझ्यावर का रागावलाय.

रॉयची गाडी खोलीपुढे उभी होती आणि खोलीला कुलूप नव्हतं. आत कोणी नाही. बर्फ चार बोटं पडलेलं, त्यात त्याच्या बुटांचे ठसे आणि बाजूने माळा ओढत नेल्याचा चर, सरळ वर झाडीत गेलेला. डेलने मला नारिंगी जाकीट घातलं, ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं, आणि आम्ही ठशांवरून चढायला लागलो. मला दम लागतो. डेल पुढे जाऊन थांबायचा, मी म्हणायचे जा, आणि तो जायचा नाही. शेवटी मीच त्याचा हात धरला.

रॉय वर बसलेला होता. ओकावर, दोन माणसांच्या उंचीहून जास्त वर, नव्या सीटवर, मांडीवर हात ठेवून रान बघत. आम्हाला बघितल्यावर त्याने तोंडावर बोट ठेवलं. हरणं उठवू नका म्हणून.

डेल झाडाखाली गेला आणि हात वर करून, सावकाश, उजव्या कानाच्या बाजूने म्हणाला, की हलू नकोस, वरचा पट्टा खराब आहे. रॉय थांबला. अंगातला पट्टा त्याने घातलेला होता, तो मला खालून दिसत होता. पण त्याच्या पाठीमागचा दोर, खोडाला डोक्याजवळ बांधलेला दुसरा दोर असतो त्याला अडकवलेला आहे का, ते खोडाच्या आड दिसत नव्हतं. सगळा प्रश्न तेवढाच होता. दोर अडकवलेला असेल तर माळा गेला तरी माणूस लटकेल. नसेल तर खाली ओकाची मुळं होती, माझ्या मांडीएवढी जाड.

“दोर अडकवला नाहीस?” डेलने विचारलं.

“नो,” रॉय म्हणाला.

मला हायसं वाटलं. नो म्हणजे, तुझं म्हणणं खरं नाही, अडकवलाय. मी देवाचं नाव घ्यायला हात जोडले आणि डेलकडे बघितलं. डेलचा चेहरा पांढरा पडला होता.

तेव्हा मला कळलं. रॉयच्या नोचा अर्थ मी लावला त्याच्या नेमका उलटा होता. आणि त्याच क्षणी माझं सकाळचं येस माझ्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. ‘झाले नाहीत?’ असं आपल्याला कोणी विचारलं तर आपण ‘हो’ म्हणतो. हो, तुझं म्हणणं बरोबर, नाही झाले. हे आपण इतकं सहज बोलतो की त्यात काही चुकण्यासारखं आहे हे मला जन्मात सुचलं नसतं. डेलने ऐकलं ते असं, की येस, झाले. मी सांगितलं होतं आणि त्याने ऐकलं होतं, दोन्ही खरं. सईने पुढे मला जेवताना ते नीट समजावून दिलं, “आजी, इंग्लिशमध्ये यू आन्सर द फॅक्ट, नॉट द पर्सन.” पण सईच्या आधी मला ते त्या झाडाखाली समजलं होतं.

घाबरायला वेळ नव्हता. मी पुढे झाले आणि ओरडले. मी त्याला पट्टा विकला होता आणि घालायला शिकवला होता, म्हणून कुठे काय लटकतं ते मला पाठ होतं. म्हटलं, रॉय, उठू नकोस. पाय हलवू नकोस. उजवा हात कानाच्या मागे ने. झाडाच्या दोराला कडी आहे, ती हाताला लागेल. तुझ्या पाठीचा दोर तिच्यात घाल.

तो हात मागे गेला. चाचपडत होता. एकदा कडी हाताला लागली आणि सुटली, तेव्हा माळा थोडा किरकिरला. रॉय थांबला, हात तसाच धरून. मग पुन्हा मागे नेला. आणि मग खटका ऐकू आला. बर्फ पडलेलं असलं की रानात तेवढा आवाजही लांब जातो.

“अडकवला की मोकळा?” मी विचारलं. “एक शब्द सांग.”

“अडकवला,” रॉय म्हणाला.

तो पायऱ्यांवर आला, एकेक करून खाली उतरला. जमिनीवर पाय टेकल्यावर खोडाला टेकून उभा राहिला. त्याच्या सामान वर ओढायच्या दोरीचं एक टोक माळ्यालाच बांधलेलं होतं. डेलने आम्हाला बाजूला केलं, दोरी हाताला गुंडाळली आणि दोनदा ओढली. दुसऱ्या ओढीला वरचा पट्टा सुटला, ताडपत्री फाटावी तसा आवाज करत. माळा उलटा होऊन मुळांवर आदळला आणि त्याचा एक दांडा वाकला. रॉयने तो दांडा बघितला. मग विचारलं, काय झालं होतं.

“मी न बघता तुझ्या हातात दिला,” डेल म्हणाला. “माझी चूक.”

मी तोंड उघडलं नाही.

परतीच्या वाटेवर डेलने विचारलं, “सकाळी येस का म्हणालीस?” मी म्हटलं, झाले नव्हते म्हणून. दोन-तीन मैल गेले. मग तो म्हणाला, “मीच वाकडं विचारलं.” मी म्हटलं, मीच वाकडं सांगितलं. तो म्हणाला, विचारणारा मी होतो. दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्या मशिनच्या वर एक पुठ्ठा लागला होता, त्याच्या हातचा, जाड पेनने लिहिलेला. त्यावर लिहिलं होतं की काकूला ‘नाही’ घालून प्रश्न विचारू नये. गिऱ्हाइकं वाचून हसायची. डेल कोणाला कारण सांगायचा नाही. पण तेव्हापासून त्या दुकानात सगळे एकमेकांना तसंच विचारायला लागले. झालंय की राहिलंय? बांधलाय की सुटा? पुढे माझ्या कानावर आलं की काही जण रानातही एकमेकांना असंच विचारतात. मी त्या देशाला काही दिलं असेल तर तेवढंच.

आता माझं सांगते. त्यानंतर मार्चमध्ये रॉय दुकानात आला, जॅमच्या धुतलेल्या बाटलीत स्वतःच्या झाडांचं मेपल सिरप घेऊन. म्हणाला, तू डोंगर चढून आलीस, तू सांगितलंस म्हणून हात मागे गेला, तुझ्यामुळे आहे. मी बाटली घेतली. पुढच्या मार्चमध्ये दुसरी घेतली. अशा पाच घेतल्या. दर वेळी तो तेच म्हणायचा आणि दर वेळी मी मान हलवायचे. अजित त्या सिरपबरोबर थालीपीठ खायचा आणि म्हणायचा, आई, तू हिरो आहेस. मी माझं थालीपीठ लोण्याशी खायचे.

का सांगितलं नाही? भीती वाटली. डेलने आपल्या अंगावर घेतलं होतं, त्याला खोटं पाडायचं कसं, हे एक. पण खरी भीती ती नव्हती. गावात म्हणतील, बाईला इंग्रजी येत नाही, तिच्या हातात जिवाचं काम कशाला द्यायचं. आणि त्यांचं बरोबर असेल. ते काम माझ्याकडून गेलं असतं तर मी परत खिडकीत बसले असते. साठी उलटल्यावर मला पहिल्यांदा कोणी विचारून काम दिलं होतं. ते सोडवत नव्हतं. चांगलं कारण नाही, पण खरं आहे.

गेल्या वर्षी मोतीबिंदू झाला. त्याचं ऑपरेशन झालं, पण बोटं पूर्वीसारखी राहिली नाहीत. पट्टा चाचपताना एकदा शंका आली, दुसऱ्यांदा आली, तेव्हा मी डेलला म्हटलं, आता पुरे. त्याने फार आग्रह केला नाही. त्याचाही मला राग आला नाही, तो माणूस शेवटपर्यंत सरळ वागला. मला काम दिलं, माझा नियम पाळला, माझी चूक वाहिली, आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. अजूनही दर दिवाळीला डबा पाठवते. चकली त्याला फार आवडते, शेव आवडत नाही तरी खातो.

माझ्या शेवटच्या आठवड्यात रॉय सहावी बाटली घेऊन आला. डेल मागे माल उतरवत होता. दुकानात आम्ही दोघंच. मी मशीन बंद केलं आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. डेलने काय विचारलं, मी काय म्हटलं, आपल्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो, खणात पट्टा कसा राहिला. माझं इंग्रजी जेवढं आहे तेवढ्यात सांगितलं. आणि म्हटलं, पाच वर्षं मी तुझे आभार फुकट घेतले.

रॉय सावकाश माणूस. त्याने पुठ्ठ्याकडे बघितलं. इतकी वर्षं तो पुठ्ठा त्याने वाचलेला होता, आज पुन्हा वाचला. मग काउंटरला टेकला.

“म्हणजे सिरप मी चुकीच्या माणसाला देत होतो,” तो म्हणाला. “डेलला द्यायला हवं होतं.”

“डेलला डायबेटीस आहे,” मी म्हटलं.

तो हसला नाही. बाटली हातात फिरवत राहिला. मला वाटलं, आता परत नेतो. नेली असती तरी मी काही म्हटलं नसतं. मग त्याने बाटली काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

“माझा माळा खाली पडला तेव्हा तू तिथे होतीस,” तो म्हणाला. “पाच वर्षं मला तेवढंच माहीत होतं. अजूनही तेवढंच माहीत आहे.” बाटलीकडे बघून म्हणाला, “मग ही आता तुला नको?”

येस म्हणावं की नो, माझ्या जिभेवर दोन्ही आलं. मी दोन्ही गिळलं.

“हवी आहे,” मी म्हटलं. “ठेव तिथे.”